कुंपणापर्यंतचा हिशेब

हलसिनकोप्प,
२ सप्टेंबर

नागू,

भागीरथीने हातात पेन दिलं म्हणून लिहितोय. फोनवर मी ओरडतो आणि तू ठेवून देतेस, तर निदान कागदावर माणसासारखं बोला, असं तिचं म्हणणं. कागदावर ओरडता येत नाही हा तुझ्या वहिनीचा गोड गैरसमज आहे.

फोनवर मी जे बोललो ते बोललो. त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

झालं ते असं, की मी सुपारी सोसायटीत औषधासाठी मोरचूद आणायला गेलो होतो. तिथे आपला शेजारी शेषगिरी पेपर उघडून बसला होता. धरणविरोधी समितीचा अध्यक्ष झाल्यापासून हा गडी गोठ्यातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून जातो. मला बघितल्याबरोबर त्याने आवाज चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. बेंगळुरूच्या अमुक संस्थेतल्या संशोधक नागवेणी हेगडे यांच्या अभ्यासानुसार, वीज साठवायला बॅटरीपेक्षा डोंगरावर पाणी चढवण्याची योजना कितीतरी किफायतशीर. बॅटरी तयार करायला जेवढी ऊर्जा जाते, त्याच्या दहापट ती आयुष्यभरात साठवून परत देते आणि मरते. डोंगरावरच्या पाण्याचं तेच दोनशेपट. वाचून झाल्यावर पेपर घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, घे, बहिणीचा फोटो आलाय, भिंतीला लाव.

अगं, तुला काय सांगायचं? तुला माहीत आहे ना आमची पाटी काय आहे? ‘धरण नको, बॅटरी हवी.’ गेलं वर्षभर आम्ही हेच ओरडतोय. दिवसा उन्हाची वीज जास्त होते तेव्हा खालच्या तलावातलं पाणी वर चढवायचं, संध्याकाळी सोडून वीज घ्यायची, असा धरण कंपनीचा बेत. वरचा तलाव डोंगरावर आणि खालचा आपल्या डोक्यावर. घर, गोठा, बाग, देवाची घुमटी, सगळं पाण्याखाली. आम्ही म्हणतो, तिकडे माळावर उन्हाची वीज तयार होते ना, तिथेच बॅटऱ्यांचे डबे मांडा. आमच्या दरीत कशाला तडमडता? सरळ साधी गोष्ट. आणि आमच्या सरळ गोष्टीच्या मुळावर आमच्याच घरची पोरगी उठली.

अख्ख्या बेंगळुरूत मोजायला तुला दुसरं काही सापडलं नाही?

मी मोरचूद न घेताच घरी आलो. आता बागेला कोळेरोग लागून सुपारी गळली तर तेही तुझ्याच नावावर.

सुब्राय


हलसिनकोप्प,
२९ सप्टेंबर

नागू,

तुझं पत्र मिळालं. चार पानं आणि वर एक चित्र. चित्र बघून भागीरथी म्हणाली, ही रांगोळी आहे का? मी म्हटलं, नाही, ही बॅटरीची कुंडली आहे.

दोनदा वाचलं. पहिल्या वेळी राग आला, दुसऱ्या वेळी डोकं दुखलं. तरी जेवढं कळलं तेवढं सांगतो, चुकलं तर कान धर. तुझं म्हणणं, बॅटरी म्हणजे नुसता तो डबा नव्हे. तिची माती खणली तिथपासून मोजायचं. ती धुतली, भट्टीत घातली, जहाजातून आणली, डब्यात भरली, आणि शेवटी मोडून वितळवली, तिथपर्यंत. प्रत्येक ठिकाणी वीज-कोळसा जळतो. तो सगळा एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात तिने जन्मभर साठवून दिलेली वीज. शिवाय ती काही हजार वेळा भरली-रिकामी झाली की थकते, मग नवी करा, पुन्हा माती खणा. डोंगर मात्र थकत नाही.

हे मला कळतं आणि कळतं याचाच त्रास होतो. आपल्या पडवीतला उन्हावरचा इन्व्हर्टर आठव. पावसाळ्यात इथली लाईन पडली की आठवडा आठवडा वीज नसते, म्हणून मोठ्या दिमाखात बसवला. आजवर किती बॅटऱ्या बदलल्या विचारू नकोस. तू लिहितेस, ती शिशाची बॅटरी तर जेमतेम दुप्पट देते. मी एवढी वर्षं समजत होतो की मी आकाशातून फुकटची वीज उतरवतोय. काल ती जुनी बॅटरी भंगारवाल्याला द्यायला काढली तर फरशीवर आम्लाचा डाग. तिथेच उभा राहिलो आणि विचार करत बसलो, ही वितळवणार कुठे, कोणाच्या घरामागे? आधी कधी असले विचार आले नव्हते. तू माझी झोप खराब केलीस, एवढं खरं.

पेपरवाल्याने अर्धंच छापलं हेही तू लिहिलंस. पुढचं अर्धं असं, की म्हणून बॅटरी टाकून देऊ नका, तर जास्त वर्षं टिकणारी बनवा, तिप्पट टिकली तर तिप्पट देईल. हे मी शेषगिरीला सांगितलं. तो म्हणाला, टिकणारी कधी येणार, आपण बुडाल्यावर की आधी? याचं उत्तर तुझ्या चार पानांत नाही.

आता माझा प्रश्न. डोंगराच्या पारड्यात तू काय काय घातलंस? सिमेंट, लोखंड, बोगद्याचं खणकाम, पंप, हे सगळं लिहिलंयस. आपली झाडं घातलीस का? तू प्रामाणिकपणे लिहितेस की नाही, मोजणी धरणाच्या भिंतीपाशी थांबवली, कुठेतरी रेघ मारावीच लागते, आणि दुसऱ्या कोणी ती दुसरीकडे मारली असती. वा! म्हणजे आम्ही रेघेच्या पलीकडे. बुडणारी माणसं नेहमी पलीकडेच सापडतात, नाही का?

पण मग तुझा आकडा खोटा म्हणू का? तसंही म्हणवत नाही. रेघेच्या अलीकडे तो बरोबरच दिसतोय. काय करावं समजत नाही.

नोव्हेंबरात शाळेच्या मैदानात जनसुनावणी आहे. तिथे मी काय बोलायचं याबद्दल शेषगिरी काही सांगून गेला. ते मी इथे लिहीत नाही.

बागेला औषध मारून झालं. कोळे नाही. तुझं नशीब.

सुब्राय


हलसिनकोप्प,
१७ नोव्हेंबर

नागू,

सुनावणी झाली. तुझ्यापर्यंत काहीबाही पोचण्याआधी मीच सांगतो.

शेषगिरी मला काय सांगून गेला होता, ते आता लिहायला हरकत नाही. मी उभं राहून म्हणायचं, की माझी बहीण कंपनीच्या पैशावर काम करते, तिला विकत घेतलंय, तो आकडा बनावट आहे. सख्ख्या भावाच्या तोंडून आलं की पेपरात पहिल्या पानावर. मी त्याला होही म्हटलं नाही आणि नाहीही. घरी येऊन भागीरथीला सांगितलं. ती ताक घुसळत होती, तशीच घुसळत राहिली.

मैदानात मांडव, समोर जिल्ह्याचे साहेब, बाजूला कंपनीचे लोक. कंपनीच्या माणसाने पहिल्याच पाच मिनिटांत तुझं नाव काढलं. म्हणाला, हे आम्ही म्हणत नाही, याच दरीच्या लेकीने मोजलंय. मांडवात गलका. शेषगिरीने माझ्या दंडाला धरून उभं केलं आणि माईक तोंडाशी आणला.

“बोल सुब्राया. सगळ्यांसमोर सांग.”

मी पाठ केलं होतं, नागू. खोटं कशाला बोलू, गोठ्यात गायीसमोर दोनदा म्हणूनही बघितलं होतं. पण माईकमध्ये भलतंच निघालं.

“माझी बहीण खोटं बोलत नाही. तिने मोजलंय म्हणजे आकडा खरा असणार. पण मला इथून हलायचं नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी विचारलं, म्हणजे तुम्ही प्रकल्पाच्या बाजूने की विरोधात?

“ते मला माहीत नाही,” मी म्हटलं.

सगळा मांडव हसला. कारकुनाने माझ्या नावापुढे ‘तटस्थ’ लिहिलं. चुलीवरच्या दुधावरून बायकोशी भांडणारा मी, जन्मात पहिल्यांदा तटस्थ झालो, तेही माझंच घर बुडत असताना.

आता सुपारी उतरवण्याचे दिवस. दरवर्षी आपल्या अंगणात सोलायला दहा घरची माणसं येतात, गप्पा, चेष्टा, भागीरथीचे पापडासारखे गोड तोडदेव. यंदा कोणी आलं नाही. काल आम्ही दोघंच विळी घेऊन बसलो होतो. शेषगिरीच्या अंगणातला हशा इथे ऐकू येत होता. मला काही वाटत नाही. दोघांनी सोललं की कचरा कमी होतो.

हे मी तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. तुझ्यावरचा माझा राग तसाच आहे. फक्त त्या दिवशी फोनवर ‘या घरात पाऊल टाकू नकोस’ म्हणालो होतो, ते भागीरथीच्या मते जास्त झालं. माझ्याही मते थोडं जास्तच झालं. घर बुडणारच असेल तर त्यात पाऊल टाकू नको म्हणण्यात काय शहाणपण?

सुब्राय


हलसिनकोप्प,
२१ फेब्रुवारी

नागू,

आनंदाची बातमी! कंपनीने आराखडा बदलला. लोकांच्या भावना लक्षात घेऊन खालचा तलाव मागच्या ओहोळात सरकवला. एकाही घराला, एकाही बागेला धक्का नाही. पंचायतीच्या भिंतीवर कागद लागलाय, मी स्वतः वाचला. धरण होणार, वीज होणार, आणि आपण जागच्या जागी.

शेषगिरी स्वतः आला. पायरीवर घुटमळला, मग आत येऊन पानाचा कवळा तोंडात घातला आणि म्हणाला, तू त्या दिवशी वेड्यासारखं बोललास, पण ते वेडच साहेबांच्या मनाला लागलं बघ. दोघंही रडलो, सांगायला लाज कसली. संध्याकाळी सगळी वाडी आपल्या अंगणात. भागीरथीने कैरीची अप्पेहुळी प्यायला केली, ती पुरली नाही.

तुझा आकडाही खरा, आपली बागही शाबूत. एवढे दिवस मी उगाच डोकं शिणवलं. तू मे महिन्यात ये, आंबे असतील.

सुब्राय


हलसिनकोप्प,
४ मार्च

नागू,

मागचं पत्र फाडून टाक. नाही, राहू दे. माणूस किती मूर्ख असू शकतो याचा पुरावा घरात असावा.

परवा पाला आणायला बागेमागच्या रानात, बेट्टावर गेलो. गडी आणि मी, दोघंच. वरच्या उताराला लागलो तर झाडांवर तांबडा रंग. हातभर पट्टे, या झाडापासून त्या झाडापर्यंत, छातीच्या उंचीला. मला वाटलं वनखात्याचं काहीतरी असेल. मग ओहोळाच्या पलीकडे बघितलं, तिकडेही त्याच उंचीला तसेच पट्टे. मध्ये आमचं सगळं बेट्ट. माझं, शेषगिरीचं, साऱ्या वाडीचं.

पाण्याची रेघ होती ती.

खाली सर्व्हेचा माणूस झाडाखाली डबा खात होता. चिदानंद नाव, धारवाडकडचा, भला मुलगा. त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, हे काय? तो म्हणाला, नवा तलाव. मी म्हटलं, अरे पण हे आमचं आहे. त्याने डबा बाजूला ठेवला, पिशवीतून कागद काढला आणि माझं नाव शोधलं.

“हेगडे, तुम्हीच सांगितलंत की. जमीन किती विचारलं तर एक एकर बाग म्हणालात. तुमच्या वाडीत कोणीच याहून जास्त सांगितलं नाही. हे सरकारी रान धरलंय आम्ही.”

नागू, मी खरंच तेच सांगितलं होतं. आठवतं मला, ओट्यावर बसून सांगितलं होतं, वर त्याला कोकमाचं सरबतही पाजलं होतं. कारण आपल्याकडे असंच सांगतात ना. कोणी विचारलं बाग किती, की म्हणायचं एक एकर. त्या एका एकरामागे नऊ एकर बेट्ट आहे, त्यावरचा पाला पडतो म्हणून माती राहते, तोच पाला गोठ्यात जातो म्हणून खत होतं, हे कोणी बोलत नाही. बेट्ट सरकारचं, आपला फक्त पाला तोडायचा हक्क. अप्पय्या आपल्याला लहानपणी सांगायचे, सरकारी माणसासमोर बेट्टाचं नाव काढायचं नाही, नाव काढलं की नजर लागते, मग कुंपण पडतं. सगळ्या वाडीने अप्पय्यांसारखाच विचार केला. कुंपणापर्यंत मोजलं आणि गप्प बसलो. त्यांनी आमच्या बोलण्यावर विश्वास ठेवला आणि जे कोणी मोजलंच नव्हतं ते बुडवायला काढलं. त्यांना तरी काय बोलणार?

तुझ्या भिंतीपाशी मारलेल्या रेघेवर मी किती तोंडसुख घेतलं होतं! भावंडं शोभतो आपण.

पाला नसला तर बाग किती टिकते तुला माहीत आहे. पहिली दोन वर्षं काही दिसणार नाही. मग शेंडे पिवळे पडतील, घड बारीक होतील, मुळं उघडी पडतील. घर तसंच राहील आणि आम्ही त्या घरात बसून बाग मरताना बघू. यापेक्षा बुडालेलं बरं, असं एकदा मनात आलं. मग परत वाटलं, नको, घर आहे तर सगळं आहे. मग परत उलटं. दोन दिवस हेच चाललंय, डोक्याचं पार भजं झालंय.

शेषगिरीकडे गेलो. त्यालाही पट्टे दिसले होते, माझ्याआधी. तो म्हणाला, तोंड उघडू नकोस. हरकत घेतली तर नवा आराखडा रद्द होईल आणि जुनी रेघ परत येईल, मग घरंच जातील. पाला नाही तर पोत्यातलं खत घेऊ, लोक घेतात की. मी म्हटलं, पोत्यातल्या खताने ही माती धरून राहील का? त्याचा शर्ट त्या दिवशी चुरगळलेला होता. माझा त्याच्यावर राग नाही. त्याच्या सुनेला दिवस गेलेत, त्याला छप्पर हवंय. सगळी वाडी त्याच्या बाजूने आहे आणि बरोबरच आहे, बहुतेक.

हरकत द्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. मी दिली तर वाडी मला जन्मभर माफ करणार नाही, आणि जुनी रेघ खरंच आली तर मीही स्वतःला करणार नाही. नाही दिली तर मी एक एकर म्हणालो ते कायमचं खरं ठरलं.

भागीरथीला विचारलं. या वेळी ती बोलली. म्हणाली, “द्या. पण एकट्याने देऊ नका. आधी तिला बोलवा.”

म्हणून बोलावतोय. आंब्यांसाठी नव्हे, या आठवड्यात ये. तू बॅटरीची माती खणण्यापासून ती वितळवेपर्यंत मोजलंस ना, तशी माझी एक सुपारी मोज. पाल्यापासून. बेट्टावर चढणारा गडी, गोठ्यातली गाय, सोलणारे हात, उकळायचं जळण, सगळं एका पारड्यात घाल. नऊ एकर एका एकराला कसे पोसतात ते तुझ्या भाषेत लिही, कारण माझ्या भाषेत लिहिलं की कारकून तटस्थ लिहितो. मी ते हरकतीला जोडीन, खाली माझी सही.

एका गोष्टीची मात्र मला भीती वाटते आणि ती तुलाच सांगू शकतो. एका एकरासाठी नऊ एकर खाणारी बाग तुझ्या हिशेबात बॅटरीपेक्षाही उधळी निघाली तर? तू म्हणशील, अण्णा, आकडा तुझ्याविरुद्ध जातोय. कदाचित जाईलही. गेला तर तोच लिही. मी माईकवर तुझ्याबद्दल जे बोललो ते माझी बाग वाचावी म्हणून मागे घेणार नाही. वाडीतली माणसं तुझ्याशी बोलणार नाहीत, हरकत दिली की माझ्याशीही बोलणार नाहीत, आपण दोघं आणि भागीरथी मिळून बेट्टावर जाऊ.

आम्हाला बुडवायचंच असेल, तर सगळं मोजून बुडवा, नागू. एक एकर म्हणून नको.

सुब्राय